नवशिक्याचा सूड : जेरेमी सॉल्नियरचे सिनेमे आणि आपला सातारा जिल्हा

कृष्णाघाट (वाई)

जेरेमी सॉल्नियर या अमेरिकन दिग्दर्शकावर इथं धागा दिसला नाही म्हणून काढतोय. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी आधी 'ब्लू रुइन' बघून यावं. शेवट मात्र सांगत नाही, आणि प्रतिसादांतही कुणी सांगू नये ही विनंती.

ड्वाइट नावाचा माणूस समुद्रकाठच्या एका गावात गंजलेल्या निळ्या गाडीत राहतो. दाढी-केस वाढलेले. लोक बाहेर गेले की त्यांच्या घरात चोरून शिरून अंघोळ करतो, कचऱ्यात टाकलेलं खातो. एका सकाळी पोलीस खात्यातली बाई गाडीच्या काचेवर टकटक करते. आपल्याला वाटतं, आता हिथनं हाकलणार. ती त्याला चौकीत नेऊन नीट बसवते आणि सांगते की तुझ्या आईवडिलांचा खून करणारा तुरुंगातून सुटतोय. ही बातमी त्याला रस्त्यावर एकट्यानं कळू नये, एवढ्यासाठी तिनं त्याला आणलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की हा दिग्दर्शक माणसांकडे नीट बघणारा आहे.

पुढं सूड येतो. पण हा सूड घेणाऱ्याला सूड घेता येत नाही. ड्वाइट कुणाच्या तरी गाडीतून रिव्हॉल्वर चोरतो, तर त्याच्या चापाला कुलूप. कुलूप तोडायला ठोकत बसतो आणि हत्यारच निकामी करून टाकतो. मग चाकू घेऊन जातो. काम उरकून बाहेर आल्यावर कुणी पाठलाग करू नये म्हणून त्या खुन्याच्या घरच्यांच्या गाडीचा टायर फोडायला जातो, तर स्वतःचाच हात चिरतो. आणि तेव्हा कळतं की आपल्या गाडीची किल्लीच जवळ नाही. ज्या गाडीचा टायर आत्ता फोडला, तीच घेऊन पळायची पाळी येते.

या प्रसंगात गंमत नाही, थरार आहे, आणि तो थरार माहीतगार माणसाच्या सिनेमात कधीच मिळणार नाही. आपल्या पडद्यावर सूडाचा नायक म्हणजे पहिल्या वाराला चार जण आडवे. खून करणं हे एक काम आहे, ते ज्यानं कधी केलेलं नाही त्याच्या हातून ते असंच बिघडत जाणार, आणि प्रत्येक बिघाडाची किंमत पुढच्या प्रसंगात चुकवावी लागणार. सॉल्नियर ही किंमत एकदाही माफ करत नाही. पुढं ड्वाइटच्या पायात बाण घुसतो. आपण हजारदा पाहिलंय की नायक दात आवळून गोळी काढतो. ड्वाइट दुकानातून औषधं, पट्ट्या, अवजारं घेऊन येतो, प्रयत्न करतो, आणि शेवटी सरळ दवाखान्यात जातो.

आता हा सिनेमा कसा बनला ते. सॉल्नियरचा जन्म १९७६ चा, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचा. ड्वाइट झालेला मेकन ब्लेअर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं पोरवयापासून घरच्या कॅमेऱ्यावर सिनेमे करत आले. सॉल्नियरचा पहिला चित्रपट 'मर्डर पार्टी' २००७ चा. त्यानंतर काही वर्षं तो दुसऱ्यांच्या चित्रपटांचा छायालेखक होता, पोटासाठी कंपन्यांचे व्हिडिओ करत होता. २०१२ मध्ये इंटरनेटवर ३५ हजार डॉलरच्या लोकवर्गणीचं आवाहन केलं, ते पुरं झालं. बाकी शिल्लक, बायकोच्या निवृत्तीची पुंजी, क्रेडिट कार्ड. कॅमेरा कॅननचा सी-३००, आणि तो चालवायला स्वतःच. २०१३ मध्ये हा सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात दाखवला गेला आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे फिप्रेसीचं, पारितोषिक घेऊन आला.

मला हे इथं का मांडावंसं वाटतं? आमच्या वाईत वर्षानुवर्षं शूटिंग चालतं. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं चरणपूर उभं राहिलं, 'गंगाजल'चा बिहार आणि 'दबंग'चा उत्तर प्रदेश वाईतच झाला. जनरेटर व्हॅन कुठं लावायची, वाडा कुणाचा मिळेल, दोनशे माणसांचं जेवण कोण करेल, गर्दीला माणसं कोण आणेल, हे सांगणारी माणसं आमच्या आळ्याआळ्यांत आहेत. पण आमचा घाट कायम दुसऱ्याच्या गावाचं नाव लावून पडद्यावर गेला. वाईनं वाईचंच काम केलेला, थोड्या पैशांत बनलेला, माणूस नीट दाखवणारा एखादा थरारपट का होऊ नये? सॉल्नियरकडून शिकायचं ते हे, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत लिहा.

माणदेशी

उत्तम धागा. 'ब्लू रुइन' दोनदा पाहिलाय. पण माझा जीव 'ग्रीन रूम'वर (२०१५) आहे.

एक फाटका पंक बँड, म्हणजे कर्कश, बंडखोर रॉक वाजवणारी पोरं. गाडीत तेल नाही म्हणून उभ्या गाड्यांतून नळीनं पेट्रोल ओढून पुढच्या गावाला जाणारी पोरं. एका ठिकाणी वाजवून हातात पैसे पडतात ते इतके थोडे, की पुढचं जे मिळेल ते आमंत्रण घ्यावं लागतं. ते आमंत्रण असतं ओरेगनच्या रानातल्या नव-नाझी टोळक्याच्या अड्ड्यावरचं. तिथं मागच्या खोलीत एक खून झालेला यांच्या नजरेस पडतो आणि दार बंद होतं. झाला सिनेमा. दाराच्या या बाजूला पोरं, त्या बाजूला मारणारे.

सगळं संकट पेट्रोलच्या पैशांतून उगवलंय, हे लक्षात घ्या. पोरांच्या खिशात दोन टाक्यांचे पैसे असते तर हा सिनेमा घडलाच नसता. सॉल्नियर स्वतः तरुणपणी पंकच्या त्या वर्तुळात वावरलेला, त्यामुळे ती नळी, ती गाडीतली झोप, कार्यक्रम रद्द झाल्यावरचे चेहरे हे सगळं आतून आलंय. आमच्या दहिवडी-म्हसवडकडच्या गजी पथकात किंवा तमाशाच्या ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला ते समजावून सांगायला लागणार नाही.

आणि पॅट्रिक स्टुअर्ट! अड्ड्याचा मालक. एकदाही आवाज चढवत नाही. मुडदे कसे निस्तरायचे, पोलिसांना काय सांगायचं, कुठल्या पोराला कुठलं काम द्यायचं, हे सोसायटीच्या सचिवानं ठराव मांडावा तसं बोलतो. भीती वाटते ती त्याचीच.

अनघा_शाहूपुरी

दोघांचंही लेखन आवडलं. पण मला या सिनेमांबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी जरा सविस्तर लिहिते.

'ब्लू रुइन'मधली बहीण आठवा. आईवडील तिचेही गेलेत. तिनं स्वतःला सावरलंय, दोन मुली वाढवतेय. भाऊ इतक्या वर्षांनी येतो, एका हॉटेलात समोरासमोर बसतात, आणि तो सांगतो की मी त्या माणसाला मारलं. क्षणभर तिला बरं वाटतं. मग कळतं की मेलेल्याच्या घरचे लोक पोलिसांत गेलेले नाहीत, म्हणजे आता ते माझ्या दारात येणार. ती त्याला म्हणते की तू वेडा असतास तर मी माफ केलं असतं, पण तू वेडा नाहीस, तू दुबळा आहेस. अख्ख्या चित्रपटातलं सगळ्यात खरं बोलणं तिचं आहे. आणि त्यानंतर तिला मुलींसह गावाबाहेर पाठवून दिलं जातं आणि कॅमेरा भावाबरोबर राहतो. का? भावानं लावलेल्या आगीत ती घर सोडून कुठं राहिली, मुलींना काय सांगितलं, शाळेचं काय केलं, हे मला बघायचं होतं.

आपल्याकडच्या भावकीच्या भांडणात मी हेच पाहिलंय. बांधावरून दोन घरांत कुऱ्हाडी निघतात, चार पुरुष कोर्टाच्या तारखांना जातात, आणि घरातली बाई वीस वर्षं एका विहिरीवर पाणी भरायला जात नाही कारण ती विहीर 'त्यांच्या' वाटेवर आहे. वाईकरांनी इथला थरारपट करायचाच म्हटला, तर माझं म्हणणं एवढंच आहे की कॅमेरा तिच्याबरोबर घरात ठेवा.

कृष्णाघाट (वाई)

अनघाताई, बहिणीच्या प्रसंगाबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. त्या हॉटेलातल्या टेबलाइतका ताण पुढच्या गोळीबारात नाही, हे मलाही जाणवतं. पण कॅमेरा भावाबरोबर राहतो म्हणून चित्रपट भावाची बाजू घेतो असं मला वाटत नाही. ती गेल्यावर घर रिकामं होतं, आणि त्या रिकाम्या घरात तो एकटाच दिवे बंद करत फिरतो. तिनं काय गमावलं हे त्या भिंतींवर दिसतं. तुमचा विहिरीचा मुद्दा मात्र कागदावर उतरवून ठेवलाय.

फौजी_अपशिंगे

नमस्कार मंडळी. मी सिनेमातला जाणकार नाही. पोरानं मोबाईलवर याच सॉल्नियरचा 'रेबेल रिज' लावून दिला, पूर्ण बघितला, म्हणून लिहितोय.

त्यातला टेरी हा अमेरिकेच्या मरीन फौजेतनं बाहेर पडलेला गडी. सायकलवरनं गावात येतो, पोलीस आपली गाडी मागनं धडकवतात, झडती घेतात आणि बॅगेतले ३६ हजार डॉलर काढून घेतात. त्यातनं चुलत भावाचा जामीन भरायचा असतो. पैसे कायदेशीर, कागद आहेत, तरी गेले ते गेले.

मला आवडलं ते त्याचं वागणं. हा माणूस प्रत्यक्ष लढाईवर गेलेला नाही, हातापायाची लढाई शिकवणारा उस्ताद आहे. आमच्याकडं सेंटरला असे उस्ताद असायचे. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. टेरी पहिल्यांदा 'सर' म्हणून बोलतो, ऐकून घेतो, तडजोड करतो, दिलेला शब्द पाळतो. समोरच्यानं शब्द मोडला तरी बंदूक हातात आली की गोळ्या काढून टाकतो, माणूस मारत नाही. सिनेमावाले फौजी माणूस दाखवतात तो सदा रागानं लाल. खरा शिकलेला माणूस राग आवरायलाच शिकलेला असतो. हे त्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलं माहीत नाही, पण बरोबर दाखवलंय.

आमच्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, घरटी फौजी आहे. पेन्शनीला आलेला माणूस तहसीलला, बँकेत, चौकीत किती ठिकाणी 'साहेब, साहेब' करत उभा राहतो ते मी बघितलंय, उभाही राहिलोय. टेरी काउंटरसमोर उभा राहतो ते बघताना छातीत कळ आली.

काळाकोट (सदर बझार, सातारा)

फौजीसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. वकिली करतो, म्हणून त्या पैशांच्या जप्तीबद्दल थोडं.

अमेरिकेत याला 'सिव्हिल ॲसेट फॉरफिचर' म्हणतात. खटला माणसावर नसतो, मालावर असतो. त्यामुळे खटल्याच्या नावातही पैशाची रक्कम किंवा गाडीच प्रतिवादी म्हणून येते. मालकाला गुन्ह्यात दोषी ठरवायची गरज नसते. संशय घेऊन रक्कम ताब्यात घेतली जाते, आणि ती सोडवायला मालकानं स्वतःच्या खर्चानं वकील लावायचा. बऱ्याच राज्यांत जप्त रकमेचा वाटा पोलीस खात्यालाच मिळतो. म्हणजे गरीब माणसाच्या छोट्या रकमा परत मागायला कुणी येतच नाही, कारण वकिलाची फी रकमेपेक्षा जास्त. सॉल्नियरनं हा कायदा नुसता पार्श्वभूमीला ठेवला नाही, त्यावर सगळं कथानक चालवलं. कोर्टातली कारकून मुलगी टेरीला हे सगळं समजावते तो प्रसंग मी वकील म्हणून दोनदा मागं नेऊन बघितला. थरारपटात इतकी बिनचूक कायद्याची माहिती, तीही ताण न सोडता, क्वचित सापडते.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. पोलिसांना संशयित माल ताब्यात घेण्याचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होता, १ जुलै २०२४ पासून तोच नव्या संहितेच्या कलम १०६ खाली आहे. पण जप्तीची खबर न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, पंचनामा लागतो, आणि मालकाला मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नका. नोटा असतील तर तपशीलवार पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि परत द्या. कायदा चांगला आहे. पण अर्ज, से (म्हणजे समोरच्या बाजूचं लेखी म्हणणं), तारीख, पुढची तारीख, या वाटेनं जाताना माणसाचं काय होतं, त्यावर सिनेमा होऊ शकतो.

यवतेश्वर

सगळे कौतुक करताहेत तर मी दुसरी बाजू लिहितो, राग नसावा.

'होल्ड द डार्क' (२०१८) मला अजिबात झेपला नाही. अलास्काचं कथानक, लांडगे, हरवलेलं मूल, सगळं गूढ, आणि माणसं इतकी गप्प की कुणाला काय हवंय तेच कळत नाही. मेकन ब्लेअरनं कादंबरीवरून लिहिलेली पटकथा आहे. मधला घराच्या खिडकीतून होणारा गोळीबार ताकदीचा, मान्य. पण ड्वाइटच्या हातातल्या त्या निकामी रिव्हॉल्वरमध्ये जो माणूस दिसतो, तो इथं बर्फाखाली गडप झालाय. पैसा वाढला, मोठी कंपनी आली, आणि धूसरपणाही वाढला असं मला वाटलं.

दुसरं. वाईकरांचं स्वप्न मला आवडतं, पण सिनेमा बनवणं हा अर्धाच भाग आहे. चार-साडेचार लाख डॉलरचा सिनेमा त्यांच्याकडे 'थोड्या पैशांतला'. आपल्याकडे तेवढ्यात कितीतरी मराठी सिनेमे निघतील. बनल्यावर तो दाखवायचा कुठं? आपल्या जिल्ह्यात मराठी चित्रपटाला सकाळचा नाहीतर दुपारचा एखादा खेळ मिळतो, तोही शुक्रवार-शनिवार. सोमवारपर्यंत पोस्टर बदललेलं असतं. भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' जमीन विकून उभा राहिला, ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाव झालं. पण जमीन विकायची हिंमत दर वेळी एका माणसानंच करायची का, हा माझा प्रश्न आहे.

ध्वनीवेडा

'ख्वाडा'चा उल्लेख आला म्हणून लिहितो. तो पुरस्कार चित्रीकरणाच्या जागीच आवाज पकडण्यासाठी होता, आणि या धाग्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

सॉल्नियरचे सिनेमे डोळे मिटून ऐका. 'ब्लू रुइन'मध्ये कितीतरी वेळ कुणी बोलतच नाही. गाडीचं दार, वाळूवरचे पाय, श्वास. ड्वाइट स्वतःशीसुद्धा बोलत नाही, त्यामुळे तो काय विचार करतोय हे आपण त्याच्या श्वासावरून ओळखू लागतो. 'ग्रीन रूम'मध्ये पोरांवर शिकारी कुत्री सोडतात, तेव्हा ती हुसकायला पोरांच्या हाती काय लागतं? माइक आणि स्पीकर समोरासमोर आल्यावर होणारी कर्कश शीळ. वाजवणाऱ्या पोरांना कार्यक्रमात जी शीळ नको असते, तीच त्यांना वाचवते. पटकथेत पेरलेला आवाज म्हणजे काय, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

आपल्याकडं मोठ्या चित्रपटांची सवय म्हणजे जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा आणि नंतर स्टुडिओत डबिंग. कमी पैशांत ते करायला गेलात तर सिनेमा पोकळ वाटणार. त्यापेक्षा जागा आवाज ऐकून निवडा. वाईत घाटावर सकाळी घंटा, धुणं, भट-भिक्षुकांची संथा, आणि पलीकडून पाचगणीला चढणाऱ्या गाड्यांचा दुसरा गिअर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या खाली उभं राहून ऐकलंय कुणी? पातं खाली येतं तेव्हा दर वेळी एक घुमणारा फटका येतो, थांबत नाही. तिथं दोन माणसं कुजबुजत बोलली तरी ताण आपोआप येतो. संगीतकाराची गरज नाही.

कृष्णाघाट (वाई)

ध्वनीवेडा, चाळकेवाडीचं वाचून अंगावर काटा आला.

यवतेश्वर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडं त्याचं गुळगुळीत उत्तर नाही. पण खर्चाच्या बाबतीत वाईकर म्हणून ठामपणे सांगतो. बाहेरून आलेल्या युनिटचा मोठा खर्च राहणं, जेवण, गाड्या, जागेचं भाडं, आणि सगळ्या जागेला दुसऱ्या गावाचं रूप देणं यात जातो. मी स्वतः मोठ्या शूटिंगला गाड्या पुरवायचं काम केलंय. आमच्या आळीतल्या मराठी पाट्या उतरवून हिंदी पाट्या चढवायलाच रंगाऱ्याची अख्खी टोळी लागायची. दुकानाच्या कट्ट्यावरचा शेंगोळ्याचा फलक झाकून तिथं लिट्टी-चोखा लिहिलेलं मी पाहिलंय. वाई हीच वाई म्हणून दाखवायची ठरवली की हा सगळा खर्च गळतो. वाडा चुलत्याचा, जीप आपली, पोलीस पाटील ओळखीचा. सॉल्नियरनं ओळखीच्या जागा आणि लहानपणचा मित्र घेऊन जे केलं, त्याच्यासाठी लागणारी माणसं आपल्याकडं शिकून तयार आहेत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शिकलीत.

आणि मित्राचा मुद्दा मला फार मोठा वाटतो. मेकन ब्लेअरसारखा चेहरा कुठल्याही निवड-चाचणीत पहिल्या फेरीतच मागं राहिला असता. दाढी काढल्यावर तो पतपेढीतल्या कारकुनासारखा दिसतो, आणि म्हणूनच त्याच्या हातातला चाकू बघवत नाही. पुढं त्याच ब्लेअरनं स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाला २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं मोठं पारितोषिक मिळालं. एकमेकांना ओळखणाऱ्या दोन पोरांनी एकमेकांना मोठं केलं.

माणदेशी

वकीलसाहेबांचा आणि फौजीदादांचा प्रतिसाद वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. मांडतो, बघा कशी वाटते.

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. डिसेंबरचा गारठा. खिलार जनावरांचा बाजार भरलाय. खटाव तालुक्यातला एक माणूस घरचा खोंड विकतो. दिसायला साधा, कुणाशी भांडण नाही, आयुष्यात चौकीची पायरी चढलेला नाही. चांगली किंमत येते, रोख. पैसे कमरेला बांधून निघतो. नेमकी निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. नाक्यावर तपासणी पथक गाडी अडवतं. नोटा सापडतात. कागद? व्यवहार तोंडी झालाय, हातावर रुमाल टाकून. पावती करायची राहून गेली किंवा घेणाऱ्यानं नको म्हटलं. पैसे जप्त. आणि पोरीच्या लग्नाची सुपारी फुटलीय.

इथून पुढं त्याला काहीच येत नाही. अर्ज लिहिता येत नाही, साहेब कुठं बसतात माहीत नाही, आणि ज्या व्यापाऱ्यानं खोंड घेतला तो आता 'मी तुला ओळखत नाही' म्हणतोय, कारण त्याचाही पैसा कागदावर नाही. हा आपला ड्वाइट.

काळाकोट (सदर बझार, सातारा)

माणदेशी, हे घडू शकतं, नव्हे घडतं. तपशील पक्का करून देतो.

निवडणूक काळात नाक्यावर 'स्थिर सर्वेक्षण पथक' असतं. ५० हजारांच्या वर रोकड असेल आणि समाधानकारक कागद नसतील तर रक्कम अडकते. तपासणीचं चित्रीकरण होतं, हे ध्यानात ठेवा, कारण ती चित्रफीत कथेत पुरावा म्हणून वापरता येईल. १० लाखांच्या वर रक्कम गेली की आयकर खात्याला कळवतात. तुमच्या माणसाची तेवढी नसणार. रक्कम सोडवायला जिल्हा पातळीवर तिघांची समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल आणि उमेदवाराशी संबंध दिसत नसेल तर समितीनं कारणं नोंदवून रक्कम परत द्यायची असते. म्हणजे वाट आहे. पण तुमच्या माणसाला ती कुणी सांगितली तर.

खोंडाची किंमत सिद्ध करायला बाजारातला खरेदी-विक्रीचा दाखला लागेल. तो नसेल तर साक्षीदार. आणि साक्षीदार म्हणजे कोण, तर तोच व्यापारी किंवा त्याचा दलाल. तुमचा सगळा संघर्ष तिथं आहे.

फौजी_अपशिंगे

गोष्ट चांगली आहे. एक सुचवतो. नाक्यावरच्या हवालदाराला वाईट करू नका. तो पण कुणाचा तरी पोरगा, दोन दिवस झोपलेला नसतो, वरनं हुकूम असतो. त्यालाच आतनं वाटत असेल की हा माणूस खरं बोलतोय, तर बघणाऱ्याच्या जिवाला जास्त घोर लागंल.

अनघा_शाहूपुरी

आणि खोंड कुणी वाढवला? माणसानं विकला, पण त्याला दोन वेळा पेंड, पाणी, वैरण कुणी केली? बायको बाजाराला गेलेली नाही, पण खोंड साधारण कितीला जाईल याचा तिला अंदाज आहे. नवरा रिकाम्या हातानं परत येतो तेव्हा तिला पहिल्यांदा वाटणार की यानं पैसे उडवले, नाहीतर कुणाला तरी दिले. तो जप्तीचं खरं सांगतो आणि ते खोटं वाटतं. मला तिच्या बाजूनं सुरुवात करावीशी वाटते. आणि त्या दलालाकडं जाणारी तीच असू दे. दलालाची बायको आणि ही एकाच बचत गटात असू शकतात.

माणदेशी

अनघाताई, बचत गट! हे मला सुचलंच नसतं. गटाच्या वहीत खोंडाच्या कर्जाची नोंद असणार. म्हणजे जनावर यांचंच होतं याला कागद निघाला.

काळाकोट (सदर बझार, सातारा)

निघाला, पण तो मालकीचा झाला, विक्रीचा नाही. समितीपुढं त्याचा उपयोग होईल, नुसत्या त्याच्यावर काम भागणार नाही. दलालाला बोलायला लावावंच लागेल. त्याला कशाची भीती घालायची, की त्याची मनधरणी करायची, हे तुम्ही लेखकमंडळींनी ठरवा. कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, अर्जाचा नमुना आणि पंचनाम्याची भाषा मी बिनचूक लिहून देतो.

कृष्णाघाट (वाई)

पहिला प्रसंग आजच लिहायला घेतोय, ताईंनी सांगितला तसा, घरातून. पुसेगावची यात्रा डिसेंबरात आहे. बाजाराची दृश्यं खऱ्या गर्दीतच घ्यावी लागतील, तेवढी गर्दी पैसे देऊन उभी करता येणार नाही. ध्वनीवेडा, तिथं लाउडस्पीकर, जनावरांचा हंबरडा आणि कुस्तीच्या फडाची हलगी एकदमच चालू असते. त्यात नवरा-बायकोचं फोनवरचं बोलणं जागेवरच पकडता येईल का?

ध्वनीवेडा

येईल. दोघांच्या कपड्यांत लहान माइक लपवायचे आणि बाजाराचा आवाज वेगळा, अर्धा-पाऊण तास सलग घेऊन ठेवायचा. बायको घरी आहे ना? मग तिच्या बाजूचा फोन घरात शांततेत घ्या. तिला पलीकडून नवऱ्याचा आवाज हलगीत बुडालेला ऐकू येऊ दे. किंमत किती आली ते तिला नीट ऐकूच जात नाही, आणि पुढचा सगळा संशय त्या न ऐकलेल्या आकड्यावर उभा राहील.

अनघा_शाहूपुरी

हे ठेवाच.

यवतेश्वर

आकडा प्रेक्षकालाही ऐकू देऊ नका. दाखवण्याच्या जागेचा माझा प्रश्न अजून तसाच आहे, पण पुसेगावला कॅमेरा धरायला माणूस लागला तर मी येतो.